पुनाराम साडेतीनशे

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, ते साल नव्याण्णव. त्या साली पुनाराम कापगतेला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात तो पर्यवेक्षक होता. गुरांना लस टोचायची, मुकं जनावर कुठं दुखतंय ते हाताने चाचपून ओळखायचं, अडलेली गाय सोडवायची, अशी ती नोकरी. कागदावर पद काहीही असो, लोक त्याला डाक्टरच म्हणत. हा डाक्टर बारा-चौदा गावं सायकलवर फिरत असे. दोन वर्षांत त्याच्या पोटऱ्या मोहाच्या खोडासारख्या झाल्या होत्या. आता मोटारसायकल घ्यायची, हे नक्की झालं होतं. कुठली घ्यायची, तेही नक्की होतं. त्याच वर्षी बाजारात आलेली सीबीझेड.

त्याचा मित्र बिसराम शहारे शेजारच्या गावात मास्तर होता. दोघं एकाच बाकावर शिकलेले, एकाच तलावात पोहायला शिकलेले. दोघांनी एकाच दिवशी एकसारखी गाडी घ्यायची, असा बेत करून ते सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले. दुकानात मात्र एकच गाडी उभी होती. दुसरी आठ दिवसांनी येणार होती.

"बिसराम, तू घेऊन टाक ही," पुनाराम म्हणाला. "मी आठ दिवस थांबतो. दोन वर्स थांबलो, आठ दिवसांनं का होते?"

बिसरामचे कागद तयार होईपर्यंत तो चहा प्यायला बाहेर पडला. चहाच्या टपरीला लागून एक गॅरेज होतं. पुनारामने बशी ओठाला लावली आणि आतून कोणीतरी किक मारली. आधी एक खोकला आला, मग दुसरा, आणि मग दोन्ही सिलिंडर एकदम बोलायला लागले. तापलेल्या तेलात मोहरी पडावी तसा तो तडतडाट. दारातून निळसर धूर बाहेर आला, त्याला जळक्या तेलाचा गोडसर वास होता. पुनारामचा चहा बशीतच निवला.

गाडी साडेतीनशे सीसीची होती. कंपनीने ती बनवायची कधीच बंद केलेली. शेजारी स्टुलावर गाडीचे मालक केशोराव बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्या मिशा, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. डोळे साथ देईनात म्हणून ते गाडी विकायला निघाले होते.

"लेना है क्या?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. मी नवी घ्याले आलो," पुनाराम म्हणाला, पण तिथून हलला नाही.

"नवीच घे. शहाणा माणूस नवीच घेतो. ही पेट्रोल पिते, धूर सोडते, पार्ट भेटत नाही. अन् हिले ब्रेक कमी, भरोसा जादा लागते."

"मंग तुमी काऊन ठेवली इतके वर्स?"

केशोरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "बेटा, तीस साल मैंने इंजन चलाया. रूळ जिकडे नेतील तिकडेच जायचं. हिच्यावर बसलो का रस्ता माझ्या मर्जीचा. बैठ, एक चक्कर मार के आ."

बालाघाट रोडवर पुनारामने ती चक्कर मारली. पहिले काही क्षण गाडी साधीच वाटली, जराशी कुरकुरणारी. मग काटा अर्ध्याच्या वर गेला आणि कोणीतरी पाठीमागून दोन्ही हातांनी ढकलावं तशी ती सुटली. झाडं मागे पळाली, डोळ्यांतून पाणी आलं, शर्टाचं वरचं बटण तुटून कुठं गेलं कळलं नाही. तो परत आला तेव्हा हसत होता की रडत होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

बिसराम त्याला शोधत गॅरेजपाशी आला आणि सगळा प्रकार समजल्यावर डोक्याला हात लावून उभा राहिला.

"तू बावरला का गा? आठ दिवसांत कोरी गाडी येऊन रायली, अन् तू ही बुढी घेऊन जातो?"

"बुढी नाही होय गा. बसून तर पाह्य."

"मले नाही बसाचं. मले घरी पोचाचं हाये."

दोघं आपापल्या गाडीवर परत निघाले. गोरेगावपर्यंत पुनाराम इतका पुढे गेला की बिसरामला नुसता धूर दिसत होता. कोहमाऱ्याच्या अलीकडे मात्र तो रस्त्याच्या कडेला पळसाखाली उभा होता, कारण टाकीत थेंब उरला नव्हता. बिसरामने शिव्या देत देत पेट्रोल आणून दिलं. पुढची कित्येक वर्षं त्याने ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली आणि दर वेळी पळसाचं झाड थोडं लांब नेलं.

तेव्हापासून पुनारामचं आडनाव गेलं. तो पुनाराम साडेतीनशे झाला.

गावोगावी त्या गाडीने धुमाकूळ घातला. पहिल्या आठवड्यातच तीन गावच्या गायी दावं तोडून पळाल्या. ज्याने जनावरं बरी करायची, त्याच्याच आवाजाने ती बिथरत होती. मग पुनारामने युक्ती काढली. गावाच्या वेशीवर इंजिन बंद करायचं आणि उरलेल्या वेगावर घरंगळत आत यायचं. कुठल्या गावाला किती वेगात इंजिन बंद केलं म्हणजे गाडी नेमकी गोठ्यापाशी थांबेल, हे त्याला पाठ झालं. आवाज लांबून आला की बाया चुलीवर चहा ठेवत आणि आवाज थांबला की कप मांडत.

दोन हजार एकच्या मे महिन्यात पिंपळटोलीच्या तलावात शर्यत झाली. उन्हाळ्यात तलावाचं पोट उघडं पडतं. मैलभर सपाट, भेगाळलेली जमीन, मध्यभागी तेवढा थोडा चिखल उरतो आणि त्यात म्हशी लोळतात. कापगत्यांच्याच कोण्या पूर्वजाने तो तलाव बांधला होता, असं पुनारामचे वडील सांगत. त्या पूर्वजाने आपल्या पणतूचे उद्योग पाहिले असते तर पाळ बांधण्याआधी दोनदा विचार केला असता.

तालुक्यातून पंधरा-वीस गाड्या आल्या, पण खरी शर्यत दोघांचीच होती. जुनी की नवी, एवढाच वाद. लोक पाळीवर छत्र्या घेऊन बसले. सुटल्याबरोबर साडेतीनशेने बिसरामला धुळीत गाडलं. पाणी सोडायचं तुडूम आलं, तिथं डावीकडे वळायचं होतं. पुनारामने ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी झाला खरा, पण जितका हवा तितका नाही. मागून बिसरामने डिस्क ब्रेक लावला, अलगद वळला आणि निघून गेला. पुनाराम सरळ गेला. सरळ, थेट, म्हशींच्या मधोमध चिखलात.

पाळीवर हशा उसळला. चिखलातून तो उठतो तोच समोर एक मुलगी उभी, हातात काठी.

"आंधळा हायेस का?" ती ओरडली. "माही म्हैस गाभण हाये! तिले काही झालं त तुही ही फटफटी इथंच गाडीन!"

"मी डाक्टर होय," पुनाराम चिखल पुसत म्हणाला. "जनावरांचा."

ती त्याच्याकडे वरून खाली बघत राहिली. "तू? मंग भगवानच वाचवो जनावरांले."

म्हशीला काही झालेलं नव्हतं. तरी पुनाराम दुसऱ्या दिवशी तिला तपासायला गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. आठव्या दिवशी मुलीच्या बापाने विचारलं, "डाक्टर, म्हशीले आजार का हाये, ते सांगा एकदा." पुनारामचे कान लाल झाले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं आणि त्या मुलीचं, पुष्पांजलीचं, लग्न लागलं. म्हशीला तोवर रेडी झाली होती.

पुनाराम आजही त्या वर्षांबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. हिवाळ्यात पुष्पांजलीच्या बहिणीकडे दरेकसाला जायचं. पहाटेच्या धुक्यात निघायचं, ती मागे शाल लपेटून. सालेकसा सोडलं की डोंगर सुरू होई. जंगलातल्या वळणांवर गाडीचा आवाज दोन्ही बाजूंच्या झाडांवर आदळून परत येई. ती त्याच्या खांद्यावर टिचकी मारे, एक टिचकी म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. तिसरी खूण त्यांनी ठरवलेली नव्हती, पण सरळ रस्ता लागला की ती त्याच्या कमरेला घट्ट धरे आणि काही बोलत नसे. त्याचा अर्थ त्याला समजत होता.

बिसराम दर चार-पाच वर्षांनी नवी गाडी घेई. सीबीझेड गेली, करिझ्मा आली. ती गेली, आर-फिफ्टीन आली. प्रत्येक नव्या गाडीवर तो आधी पुनारामच्या अंगणात येई.

"पाह्य गा. पाण्यानं थंड होणारं इंजन. मोटारीसारखं."

"पाण्यानं त म्हैस बी थंड होते," पुनाराम म्हणे.

दोघंही हसत, पण साडेतीनशेचं वय होत होतं. गोंदियातले जुने मिस्त्री एकेक करून गेले. पिस्टनसाठी नागपूर, कॉइलसाठी रायपूर, असं फिरावं लागे. केशोराव वारले, त्याच्या थोडं आधी त्यांनी पुनारामला बोलावून एक पत्र्याचा डबा दिला होता. त्यात त्यांनी जपून ठेवलेले सुटे भाग होते, वंगण लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यातच स्पार्क प्लगची एक कोरी जोडी होती, जुन्या बनावटीची, तेव्हा कुठं शोधून न मिळणारी. ती जोडी पुनारामने वापरलीच नाही. एखाद्या मोठ्या प्रसंगाला लागेल म्हणून डब्यात ठेवून दिली आणि वापरात असलेले झिजके प्लग घासून-पुसून तेच चालवत राहिला.

दोन हजार दहाच्या ऑगस्टमध्ये राजोलीटोल्यावरून फोन आला. यशोदाबाईंची गाय अडली होती. यशोदाबाई एकटी बाई, नवरा जाऊन वर्षं झालेली, घरात ती आणि ती गाय. फोन शेजाऱ्याने केला होता. "वासरू आडवं हाये डाक्टर, लवकर या," एवढंच तो बोलला.

दुपारची वेळ, झड लागलेली. पुनाराम निघाला. गाडीने सुरुवातीला रोजच्यासारखी साथ दिली. राजोलीटोल्याच्या अलीकडे एक टेकडी आहे, तिच्या चढावर एक सिलिंडर बोलेनासं झालं. थोडं पुढे दुसरंही बंद पडलं. त्याने प्लग काढले, शर्टाला पुसले, घासले, परत लावले. किक मारली. पुन्हा काढले. नवी जोडी घरी डब्यात होती. अर्ध्या तासाने त्याने गाडी तिथंच टाकली, औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून पळत सुटला.

तो पोचला तेव्हा गाय गेली होती. शेजाऱ्यांनी कसंबसं ओढून वासरू काढलं होतं. कालवड होती, ओली, थरथरणारी. यशोदाबाई तिला पोत्याने पुसत होत्या. पुनाराम गुडघ्यावर बसला, गायीच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होतं.

"बाई, मी..." तो म्हणाला.

यशोदाबाईंनी त्याला दोष दिला नाही. त्या पोत्याने पुसत पुसतच बोलल्या, "तुमची गाडी आयकू आली होती मले, टेकडीच्या तिकून. मी गायीले म्हनलं, थांब माय, डाक्टर आला. मंग आवाज बंद झाला. मले वाटलं, आता पोचलाच असन. नेहमी तसेच येता ना तुमी."

पुनाराम त्या कालवडीला दूध पाजण्याची सोय करून, पायीच टेकडीवर परत आला. गाडी पावसात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हँडल धरून सात किलोमीटर ढकलत घरी आणली.

चार महिने त्याने तिला हात लावला नाही. पुन्हा सायकल काढली. घरात कोणी तो विषय काढत नव्हतं. शेवटी पुष्पांजलीनेच काढला, शेंगा फोडता फोडता.

"किती दिवस सायकल चालवान? वय का होऊन रायलं, पाहिलं का?"

"कोनती घेऊ, तेच समजत नाही. लोक म्हनतात, साधी घे. शंभराची. पेट्रोल वाचन."

"तुमी साधी चालवान?"

त्यानेही एक शेंग उचलून फोडली.

"नाही चालवू शकत तुमी," ती म्हणाली. "साधी घ्यान अन् जुन्या गाडीपाशी बसून रडान. आन् मी एक इचारतो, राग नोका मानू. ते प्लग डब्यात कायले ठेवले होते?"

"जपून ठेवले होते."

"कोनासाठी जपले? गाडीसाठी का गायीसाठी?"

हा प्रश्न पुनारामला लागला. तो उठून अंगणात गेला, बराच वेळ साडेतीनशेपाशी उभा राहिला. मग त्याने बिसरामला फोन केला. "उद्या तुही गाडी आन गा. चालवून पाहतो."

अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच बिसरामच्या गाडीवर बसत होता. इटियाडोहच्या रस्त्याला त्याने ती पळवली. ढकलणारा तो धक्का हिच्यात नव्हता. पहिल्या गिअरपासून शेवटच्यापर्यंत ती एकसारखी, शहाण्या पोरीसारखी वेग घेत गेली. वळण आलं. पुनारामच्या अंगाने सवयीने आधीच घाबरायची तयारी केली. त्याने ब्रेक लावला आणि गाडी जिथं मनात होतं तिथंच हळू झाली, वाकली, वळली. पुढच्या वळणाला तो जरा जोरात गेला. त्याच्या पुढच्याला आणखी. शेवटी रस्त्याच्या कडेला थांबून त्याने हेल्मेट काढलं.

तो परत आला तेव्हा बिसराम पुलावर वाट पाहत बसला होता. "कशी वाटली?"

"चांगली हाये," पुनाराम म्हणाला. "लयच चांगली हाये. तेच त वाईट हाये."

"म्हंजे?"

"म्हंजे तू अकरा वर्स बरोबर होतास, अन् मले ते आता समजलं."

बिसरामला टोमणा मारायची याहून चांगली संधी आयुष्यात मिळणार नव्हती. पण त्याने मित्राच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर-बिरोबर काही नाही गा. तुले पळासाखाली उभं रायताना पाहून मले किती जळफळाट झाला होता, तुले का माईत. पेट्रोल संपलं होतं अन् तू हसून रायला होता."

पुनारामने निळी आर-फिफ्टीन घेतली. पशुधन पर्यवेक्षकाने रेसची गाडी घ्यावी, यावर तालुक्यात हसण्याची एक लाट येऊन गेली. हिला मागे औषधाची पेटी बांधायला कॅरिअर नव्हतं, सीट तर घसरगुंडीच. पुष्पांजलीने जाड कापडाची पाठीवर अडकवायची पिशवी शिवून दिली, प्रत्येक सुईला वेगळा कप्पा असलेली. आता पुनाराम गावात शिरला तरी कोंबडीसुद्धा मान वर करत नसे. "डाक्टर, तुमी कवा आले?" असं दारात येऊन लोक विचारत. चहा उशिरा मिळू लागला, पण अडलेल्या जनावराजवळ तो वेळेवर पोचत होता. यशोदाबाईंची ती कालवड मोठी झाली आणि तिच्या पहिल्या वेताला तो गोठ्यात तासभर आधीच जाऊन बसला होता. काहीच करावं लागलं नाही. ती आपली आपण व्याली.

साडेतीनशे अंगणात झाकून ठेवलेली होती. जुन्या गाड्यांना आता शहरात भाव आला होता. रायपूरहून, नागपूरहून माणसं येत, तिच्याभोवती फिरत, फोटो काढत. पुनाराम त्यांना चहा पाजून परत पाठवी. दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर बिसराम आला. या वेळी तो कुठलीही नवी गाडी दाखवायला आला नव्हता.

"मले दे गा ती," तो म्हणाला.

"कोनती?"

"बुढी."

पुनारामला वाटलं, तो थट्टा करतोय. बिसराम थट्टा करत नव्हता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं होतं की सगळ्या गाड्या चालवून झाल्या, एकच राहिली. "मले कुठं वेळेवर पोचाचं हाये? शाळा घरापासून अर्धा कोस," तो म्हणाला. "अन् तिले ब्रेक नाही, त मी बी हळूच चालवतो."

त्या दिवशी पुनारामने डबा उघडला आणि कोरी जोडी गाडीला लावली. तिसऱ्या किकला ती बोलायला लागली. पुष्पांजली आतून दारात आली. धूर अंगणभर पसरला, तुळशीवरून गेला. बिसराम बसला, घाबरत घाबरत क्लच सोडला आणि निघाला.

पुनाराम अंगणातच उभा राहिला. आवाज वस्तीच्या टोकाला गेला, पाळीवर चढला, तिथून लांब शेतांकडे उतरला. अकरा वर्षं तो त्या आवाजाच्या आत बसून हिंडला होता. दुरून तो कसा येतो, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. धानाच्या बांध्यांवरून येताना तो बारीक होत गेला, एकदा वाऱ्यासोबत मोठा झाला आणि पुन्हा बारीक झाला. पुनारामचे डोळे भरून आले. पुष्पांजली शेजारी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. झरपड्याच्या बाजूला कोणाची तरी म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती. पुनारामने धोतराऐवजी पँट चढवली, पिशवी पाठीवर अडकवली.

"बिसराम परत येईन त त्याले चहा दे," तो म्हणाला.

"कवा येईन तो?"

"टाकी अर्धीच होती," पुनाराम गाडी सुरू करत म्हणाला. "फोन करनच."